चिनी भाषकांना इंग्रजीतलं ‘टेक’ शिकवताना

टेबलावर चार वस्तू ठेवा : एक मिटलेली छत्री, गोळ्यांची पट्टी, बसचं कार्ड आणि मोबाईल. समोर बसलेल्या चिनी विद्यार्थ्याला विचारा, यातल्या प्रत्येक वस्तूशी जोडलेली क्रिया तुमच्या भाषेत काय? छत्रीसाठी तो म्हणेल ‘ताय’, म्हणजे सोबत बाळगणे. गोळीसाठी ‘छ्र’, खाणे. बससाठी ‘त्स्वो’, बसणे. मोबाईल उचलून फोटो काढायची खूण केलीत तर ‘फाय’. या शब्दाचा मूळ अर्थ थाप मारणे, थोपटणे. चार वस्तू आणि चार वेगळी क्रियापदं. इंग्रजीत मात्र चारही ठिकाणी एकच शब्द चालतो : टेक.

मी सिंगापूरला राहते आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. येणारे बहुतेक जण चीनमधून आलेले. कुणी नोकरीसाठी आलेलं, तर कुणी मुलाच्या शाळेसाठी त्याच्यासोबत येऊन राहिलेली आई. अशा आईला इथे ‘फेइतू मामा’ म्हणतात, अभ्यासाला सोबत करणारी आई. आपल्या मराठी मंडळींपैकीही अनेकांवर असं शिकवायची वेळ येते. कुणी शेजारणीला मदत करतं, कुणी ऑफिसातल्या सहकाऱ्याला, कुणी ऑनलाइन शिकवणी घेतं. आपलं इंग्रजी चांगलं असतं, पण चिनी भाषेची ओळख नसते, आणि पहिल्याच आठवड्यात ‘टेक’पाशी गाडी अडते. मी त्या जागी बराच काळ चाचपडले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘टेक’ आपल्याला सोपा वाटतो आणि सगळी अडचण तिथेच आहे. मराठी ‘घेणे’ जवळजवळ त्याच वाटेने चालतं. आपण औषध घेतो, विश्रांती घेतो, श्वास घेतो, शपथ घेतो, जबाबदारी घेतो, भाग घेतो. ‘टेक पार्ट’ म्हणजे शब्दशः ‘भाग घेणे’. इंग्रजी शिकताना आपल्याला हे कुणी वेगळं समजावलं नव्हतं, त्यामुळे समजावून सांगायची सवयच नसते. चिनी माणसाकडे ही वाट नाही. त्याची भाषा प्रत्येक वेळी विचारते, अंगाने नेमकं काय केलंस? खाल्लंस, बसलास, धुतलंस की उचललंस? म्हणून तो ‘ईट मेडिसिन’ म्हणाला की त्याने निष्काळजीपणा केला असं समजू नका. त्याने आपल्या भाषेचा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवलेला असतो.

पहिली पायरी : अर्थ सांगू नका, जोड्या द्या

नव्या शिक्षकाला मोह होतो तो फळ्यावर ‘टेक म्हणजे ना’ असं लिहून टाकायचा. ‘ना’ हे चिनी क्रियापद हाताने घेणे, धरणे या अर्थाचं. त्याचं अक्षर विद्यार्थ्याकडून काढून घ्या, बघण्यासारखं आहे. वरच्या अर्ध्या भागात ‘ह’ हे अक्षर असतं, त्याचा अर्थ मिटणे, जुळणे. खाली ‘शोऊ’, म्हणजे हात. मिटलेला हात. ‘ना’चा अर्थ एवढाच, मुठीत येईल ते घेणे. बस मुठीत येत नाही, दोन तास मुठीत येत नाहीत, परीक्षाही येत नाही. ‘टेक म्हणजे ना’ हे समीकरण एकदा डोक्यात बसलं की विद्यार्थी ‘टेक’ फक्त पेन आणि पिशवीसाठी वापरतो आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी चिनी क्रियापदाचा तर्जुमा करतो.

त्याऐवजी क्रियापद आणि नाम एकत्रच शिकवा, जणू एकच शब्द आहे. टेक मेडिसिन. टेक अ बस. टेक अ फोटो. टेक अ शॉवर. एका धड्यात चारपेक्षा जास्त जोड्या नकोत. वहीत डाव्या बाजूला विद्यार्थ्याने स्वतःच्या लिपीत आपली जोडी लिहावी, उजवीकडे इंग्रजी. या वहीत ‘टेक’ हा शब्द एकटा कुठेही लिहायचा नाही, हा माझा कडक नियम आहे.

दुसरी पायरी : आधी आपला ‘ट’ सुधारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. एकदा श्रुतलेखनात मी ‘टेन’ आणि ‘टाउन’ असे दोन शब्द सांगितले. सहापैकी चौघांनी ‘डेन’ आणि ‘डाउन’ लिहिलं. मला वाटलं, लक्ष नाही. लक्ष पूर्ण होतं. चूक माझ्या तोंडात होती.

झालं असं की मँडरिन चिनी भाषेत अशा ध्वनींमधला फरक श्वासाच्या झोताचा असतो, आपल्या त आणि थ, प आणि फ, क आणि ख यांच्यातल्यासारखा. १९५८ साली चीनने स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत झोत नसलेला ‘त’ दाखवायला ‘डी’ हे अक्षर वापरतात आणि झोत असलेल्या ‘थ’साठी ‘टी’. म्हणूनच आपण ज्याला बीजिंग म्हणतो त्याचा तिथला उच्चार ‘पेइचिंग’च्या जवळ जातो. चीनमध्ये साधारणपणे ७ जूनपासून विद्यापीठ प्रवेशाची जी मोठी परीक्षा होते तिचं नाव कानाला ‘काओखाओ’ असं लागतं, पहिला क आणि दुसरा ख. (या लेखात सगळे चिनी शब्द मी असे कानाला लागतील तसे लिहिले आहेत, त्यामुळे रोमन लिपीतल्या स्पेलिंगशी ते जुळणार नाहीत.)

आता आपण मराठी माणसं इंग्रजी ‘टेक’ म्हणताना स्वच्छ मराठी ‘ट’ काढतो, झोताशिवाय. चिनी कान त्या आवाजाला ‘डी’च्या खणात टाकतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते शब्दाच्या सुरुवातीचा हा आवाज झोतासह काढतात, ‘ठेक’च्या जवळ. उपाय सोपा आहे. कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरा. ‘टेक’ म्हणताना ती हलली पाहिजे. आधी स्वतः घरी करून बघा. विद्यार्थ्याची पट्टी पहिल्याच प्रयत्नात हलेल, कारण हा झोत त्याच्या भाषेत आहे. इथे शिकायचं असतं आपणच.

शेवटच्या ‘क’चं उलट. मँडरिनमध्ये शब्दावयव एक तर स्वरावर संपतो, नाहीतर ‘न’ किंवा नाकातल्या ‘ङ’वर, क्वचित ‘र’वर. शेवटी नुसता ‘क’ कधीच येत नाही. मग विद्यार्थी एक तर तो गिळतो, ‘टे’ म्हणतो, किंवा त्याला स्वराचा टेकू देतो, ‘टेक-अ’. हाँगकाँगचा कँटोनीज बोलणारा विद्यार्थी असेल तर त्याच्या भाषेत शेवटी ‘क’ असतो, पण तो तोंडातच अडवतात, बाहेर सोडत नाहीत. ऐकणाऱ्याला ‘टे’च ऐकू येतं.

हा जादाचा ‘अ’ मी पूर्वी खोडून काढायचा प्रयत्न करायचे. आता त्याचाच उपयोग करते. ‘टेक अ बस’, ‘टेक अ फोटो’, ‘टेक अ लुक’ या जोड्यांमध्ये ‘क’च्या मागे एक ‘अ’ येतोच! विद्यार्थ्याच्या तोंडून आपोआप निघणारा स्वर इथे इंग्रजीतलं उपपद (आर्टिकल) होऊन बसतो. चिनी भाषेत उपपदं नाहीत, ती लक्षात ठेवणं त्यांना जड जातं. इथे मात्र जीभच ते लक्षात ठेवते. म्हणून पहिल्या धड्यात ‘अ’ असलेल्या जोड्या आधी घ्या. ‘टेक मेडिसिन’मध्ये ‘अ’ नाही, ती जोडी शेवटी ठेवा आणि तिथे ‘क’ अलगद सोडायचा सराव वेगळा द्या.

तिसरी पायरी : चुकीमागचं चिनी क्रियापद शोधा

‘ईट मेडिसिन’ ही सर्वात जास्त ऐकू येणारी चूक. चिनीत ‘छ्र याओ’, औषध खाणे. गोळी असो वा पुडी, खायचीच. उकळून केलेला पारंपरिक काढा असेल तर त्याला ‘ह याओ’ म्हणतात, औषध पिणे. आपणही बोलताना ‘गोळी खाल्ली’ म्हणतो, त्यामुळे विद्यार्थ्याला सांगा की माझ्या भाषेतही हे चालतं, पण डॉक्टरसमोर इंग्रजीत ‘टेक’. धड्यात शेवटी आली तरी ही जोडी मी सगळ्यात आधी पक्की करून घेते, कारण तिची गरज दवाखान्यात पडते आणि तिथे माणूस आधीच घाबरलेला असतो. ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे’ हे वाक्य वाचता, ऐकता आणि उलट सांगता आलं पाहिजे.

‘सिट अ बस’ किंवा ‘सिट बस’ हे त्याच्या पाठोपाठ येतं. ‘त्स्वो’ म्हणजे बसणे. त्याचं अक्षर म्हणजे मातीच्या चिन्हावर माणसाची दोन चिन्हं. बस, आगगाडी, विमान, बोट, ज्यात बसून जाता येतं त्या सगळ्याला ‘त्स्वो’. सायकलवर मात्र पाय टाकून बसतात, तिथे ‘छी’. स्वतः गाडी चालवली तर ‘खाय’. टॅक्सीसाठी ‘ता छ’ असा वेगळाच शब्दप्रयोग, शब्दशः ‘गाडी मारणे’. इतका बारीक भेद करणाऱ्या माणसाला ‘बस, ट्रेन, टॅक्सी, विमान, सगळ्याला टेक’ हे ऐकून हायसं वाटतं. त्याला फक्त सीमा सांगा : पैसे देऊन ज्यात बसून जातो ते ‘टेक’. स्वतःच्या सायकलला ‘राइड’, स्वतःच्या गाडीला ‘ड्राइव्ह’.

आंघोळीच्या बाबतीत ‘वॉश’ येतं, कारण ‘शी त्साओ’मधला ‘शी’ म्हणजे धुणे. इथे थोडक्यात आटोपा. फोटोला चूक फारशी होत नाही. शाळेत ते पाठ झालेलं असतं.

चौथी पायरी : ‘ये’ आणि ‘जा’

‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ यांच्यातला फरक इंग्रजीतून समजावू लागलात तर अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. मराठीतून विचार केलात तर पाच मिनिटं पुरतात, आणि इथे मराठी शिक्षक इतर कुणाहीपेक्षा पुढे असतो.

आपण म्हणतो ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’. क्रिया तीच, दिशा ‘ये’ आणि ‘जा’ दाखवतात. चिनी भाषा हुबेहूब असंच करते : ‘ताय लाय’ आणि ‘ताय छ्यु’. ‘लाय’ म्हणजे ये, ‘छ्यु’ म्हणजे जा. छत्री हातात घ्या. स्वतःकडे ओढत म्हणा, ताय लाय, ब्रिंग. दाराकडे नेत म्हणा, ताय छ्यु, टेक. मग छत्री विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि त्यालाच बोलू द्या. माझ्याकडच्या पन्नाशीच्या एका बाईंनी छत्री घेऊन खोलीत दोन फेऱ्या मारल्या. दाराशी पोचल्यावर ‘टेक’, माझ्याकडे परत येताना ‘ब्रिंग’, असं चार वेळा मोठ्याने म्हटलं आणि मग त्या खुर्चीत बसून खूप वेळ हसत होत्या. शाळेत हा फरक त्यांनी व्याख्येसारखा पाठ केला होता. पावलांनी केला तेव्हा तो त्यांचा झाला.

याच पायरीवर मुलांचा विषय येतो. मुलाला शाळेत सोडायला जाणे याला चिनीत ‘सोंग’ म्हणतात, पोचवणे. शब्दकोशात ‘सोंग’समोर ‘सेंड’ असतं, म्हणून आई सांगते, ‘आय सेंड माय सन टू स्कूल एव्हरी मॉर्निंग’. सिंगापूरमध्ये हे रोज ऐकू येतं आणि इथे सगळ्यांना समजतं. पण इतर देशांत ‘सेंड टू स्कूल’चा अर्थ शाळेत घालणे असा होतो, आई स्वतः हात धरून गेली हे त्यातून कळत नाही. ‘आय टेक माय सन टू स्कूल’ शिकवा. त्यांना कारण सांगा, चूक आहे म्हणून दटावू नका. आपण तरी ‘मुलाला शाळेत सोडलं’ म्हणतो आणि इंग्रजीत सरळ ‘ड्रॉप’ वापरतो.

पाचवी पायरी : वेळ ‘लागणे’

चीनमध्ये शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांना ‘स्पेंड, कॉस्ट, पे, टेक’ हे चार शब्द एकत्र शिकवलेले असतात, कारण चारही ठिकाणी चिनीत ‘ह्वा’ चालतं. ‘ह्वा’ म्हणजे खर्च करणे, पैसे असोत वा वेळ. (हेच अक्षर फूल या अर्थीही वापरतात. विद्यार्थी आवर्जून सांगतात.) नियम त्यांना घडाघडा येतात. बोलताना मात्र ‘आय कॉस्ट टू अवर्स’ किंवा ‘इट स्पेंट मी टू अवर्स’ निघून जातं.

कारण असं, की चिनी वाक्यात खर्च करणारा माणूस असतो. ‘वो ह्वा ल लियांग क श्याओश्र’, मी दोन तास खर्च केले. इंग्रजीत ‘आय स्पेंट टू अवर्स’ हे याचंच भाषांतर आणि ते अगदी बरोबर आहे. ते आधी मान्य करा. ‘टेक’मध्ये माणूस कर्त्याच्या जागेवरून उठतो. आपल्याला हे ओळखीचं आहे : ‘मला दोन तास लागले.’ मी काही केलं नाही, तास लागले. ‘इट टुक मी टू अवर्स’ याची ठेवण आपल्या ‘लागणे’ला फार जवळची आहे, ‘मला’ तिथे इंग्रजी ‘मी’च्या रूपात बसलेला आहे.

आता प्रश्न येतो, ‘हा इट कोण?’ हा प्रश्न माझ्या प्रत्येक तुकडीत आला आहे आणि तो चांगला प्रश्न आहे. उत्तर असं द्या : ‘इट’ ही एक राखून ठेवलेली खुर्ची आहे. खरा मालक वाक्याच्या शेवटी येतो. ‘इट टुक मी टू अवर्स टू कुक डिनर.’ दोन तास कशाने घेतले? स्वयंपाकाने. त्या स्वयंपाकाची जागा ‘इट’ने धरून ठेवली होती. मग विद्यार्थ्यांना घरून वर्गापर्यंतचा प्रवास मोजायला सांगा. रोज आल्याबरोबर पहिलं वाक्य तेच : ‘इट टुक मी थर्टी फाइव्ह मिनिट्स.’ पाऊस पडलेल्या दिवशी आकडा बदलतो आणि बोलायला विषयही मिळतो.

सहावी पायरी : आपल्या चुका विद्यार्थ्याला देऊ नका

ही पायरी तुमच्यासाठी आहे, विद्यार्थ्यासाठी नाही.

मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि शिक्षक ‘घेतो’. म्हणून भारतात आपण सर्रास ‘गिव्ह एक्झाम’ म्हणतो. भारताबाहेर इंग्रजीत परीक्षेला बसणारा ‘टेक अ‍ॅन एक्झाम’ करतो. चिनी विद्यार्थी काय म्हणेल? त्याच्याकडे ‘त्सान-च्या खाओश्र’ आहे, परीक्षेत सामील होणे. म्हणून तो ‘जॉइन द एक्झाम’ किंवा ‘अटेंड द एक्झाम’ म्हणतो. त्याची चूक दुरुस्त करताना तुम्ही घाईत ‘गिव्ह’ म्हणून गेलात तर एक चूक गेली आणि दुसरी आली. आयईएलटीएससारख्या परीक्षेची तयारी करणाऱ्याला ते महागात पडू शकतं. मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे : परीक्षा टेक.

चहाचंही तेच. ‘चहा घेणार?’ या आपुलकीच्या प्रश्नाचं आपण ‘विल यू टेक टी?’ करतो. आज बहुतेक ठिकाणी ‘हॅव’ म्हणतात. चिनी माणूस ‘ह छा’, चहा पिणे, यावरून ‘ड्रिंक टी’ म्हणतो आणि ते ठीक आहे. त्याला हात लावू नका.

निर्णयाबद्दल तर मी एका विद्यार्थ्याची माफी मागितली आहे. तो ‘मेक अ डिसिजन’ म्हणाला आणि मी ‘टेक’ अशी दुरुस्ती केली, कारण माझ्या मनात ‘निर्णय घेणे’ होतं. इंग्रजीत दोन्ही आहेत, ‘मेक’ जास्त प्रचलित. चिनीतही ‘च्युएतिंग’ म्हणजे निर्णय, आणि तो ‘त्स्वो’ करतात, करणे या अर्थाचा ‘त्स्वो’. बसण्याचा ‘त्स्वो’ ऐकायला सारखाच, अक्षर वेगळं. त्याची भाषा त्याला योग्य शब्दाकडे घेऊन गेली होती आणि मी त्याला मागे ओढलं. दुरुस्ती करण्याआधी एक श्वास थांबा आणि स्वतःला विचारा, हे इंग्रजी बोलतंय की माझी मराठी?

सातवी पायरी : जरासं काहीतरी करणे

‘टेक अ लुक’, ‘टेक अ रेस्ट’, ‘टेक अ वॉक’, ‘टेक अ नॅप’ हा एक वेगळा गट आहे. यात ‘टेक’ला स्वतःचा अर्थ जवळपास नसतो, तो क्रियेला हलकं करतो. चिनीत यासाठी क्रियापद दोनदा म्हणतात : ‘खान खान’, बघ बघ, म्हणजे जरा बघ. मधे कधी ‘ई’ येतो, ‘खान ई खान’. हा ‘ई’ म्हणजे एक! फळ्यावर ‘खान ई खान’ लिहा आणि खाली ‘टेक अ लुक’. ‘ई’च्या बरोबर खाली ‘अ’ आणा आणि दोघांना रेघेने जोडा. उपपद गाळण्याची सवय या गटापुरती तरी तिथल्या तिथे सुटते, कारण आता त्या ‘अ’ला त्यांच्या भाषेत नातेवाईक मिळालेला असतो. आपल्या ‘बघून घे’, ‘पडून घे’मधला ‘घे’ही थोडा असाच आहे, पण हे विद्यार्थ्याला सांगायची गरज नाही, तुमच्यासाठी आहे.

डुलकीचं वाक्य त्यांना मनापासून आवडतं. चीनमध्ये दुपारच्या जेवणानंतर थोडं झोपायची पद्धत शाळा-ऑफिसांतही आहे, त्याला ‘वू श्वेइ’ म्हणतात. ‘आय टेक अ नॅप आफ्टर लंच’ या वाक्यावर वर्ग हमखास बोलता होतो.

आठवी पायरी : टुक आणि टेकन

चिनी क्रियापद रूप बदलत नाही. काल, आज, उद्या, तेच. झालेली गोष्ट दाखवायला ‘ल’ लावतात : ‘वो छ्र ल याओ’, मी औषध घेतलं. ‘यस्टर्डे’ म्हटलं की काळ सांगून झाला असं विद्यार्थ्याला वाटतं, मग ‘यस्टर्डे आय टेक’ येतं. नियम सांगून हे जात नाही. सराव द्यावा लागतो, आणि सर्वात चांगला सराव म्हणजे रोज वर्गाच्या सुरुवातीला कालची तीन वाक्यं : काल कशाने आलात, किती वेळ लागला, कशाचा फोटो काढलात. तिन्ही उत्तरांत ‘टुक’. ‘टेकन’ दुसऱ्या महिन्यात घ्या. ‘टुक’मधला आखूड ‘उ’ ते लांबवतात. टोकत बसू नका.

बाकी ‘टेक’चे जे पन्नास प्रकार इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये असतात, टेक आफ्टर, टेक ओव्हर, टेक अप, ते नव्या विद्यार्थ्याला देऊ नका. दोनच घ्या. एक ‘टेक ऑफ’, कारण चपला काढणे, टोपी काढणे आणि विमान उडणे हे तिन्ही रोजच्या कामाचं आहे. दुसरं ‘टेक प्लेस’, कारण तिथे पक्की चूक बसलेली असते. ‘द मीटिंग वॉज टेकन प्लेस’ असं शिकलेसवरलेले विद्यार्थीही लिहितात. सभा कुणीतरी घेतली म्हणजे इंग्रजीत कर्मणी रूप हवं, असा त्यांचा हिशेब असतो. ‘सभा झाली’ एवढंच सांगायचं आहे. ‘इट टुक प्लेस’, संपलं.

शेवटची पायरी : वर्गाबाहेर

इथपर्यंत आल्यावर एक तास फूड कोर्टमध्ये घ्या. सिंगापूरमध्ये त्यासाठी याहून चांगली जागा नाही. जेवण बांधून घ्यायला इथे सगळे ‘तापाओ’ म्हणतात, तमिळ आणि मलय बोलणारेही. पुण्या-मुंबईत आपण ‘पार्सल’ म्हणतो तसं. विद्यार्थ्याने तो शब्द सोडायची गरज नाही, त्याच्या जोडीला फक्त ‘टेक अवे’ यायला हवा, कारण उद्या तो दुसऱ्या देशात असेल. पदार्थ निवडल्यावर तो ‘आय वाँट धिस’ म्हणेल, ‘वो याओ च क’ याचं सरळ भाषांतर. चुकीचं नाही, पण कानाला जरा हुकमी लागतं. ‘आय विल टेक धिस वन’ द्या.

मग बसायला जागा शोधा. गर्दीत एक खुर्ची रिकामी दिसते, शेजारी कुणीतरी जेवत आहे. चिनी माणूस विचारतो, ‘चर योऊ रन मा?’ इथे माणूस आहे का? आपणही हेच विचारतो, ‘इथे कोणी आहे का?’ रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून! दोन्ही भाषांत हा प्रश्न किती सहज येतो. इंग्रजीत ‘इज देअर अ पर्सन हिअर?’ म्हटलं तर समोरचा गोंधळतो. ‘इज धिस सीट टेकन?’ हे वाक्य विद्यार्थ्याला खऱ्या अनोळखी माणसाला विचारायला लावा, तुम्ही दोन पावलं मागे थांबा. उत्तर ‘नो’ आलं की बसायचं, ‘येस’ आलं की निघायचं, हेही आधी सांगून ठेवा. घाबरलेल्या माणसाला ‘नो’ ऐकून परत फिरावंसं वाटतं; माझ्या डोळ्यांदेखत एक जण ट्रे घेऊन परत फिरला होता.

निरोपाचं शेवटी. त्यांच्याकडे निघणाऱ्या पाहुण्याला ‘मान त्सोऊ’ म्हणतात, सावकाश चाला. आपण दाराशी उभं राहून ‘सावकाश जा हं’ म्हणतो, तेच. विद्यार्थी याचं ‘वॉक स्लोली’ करतो. ‘टेक केअर’ हे त्याचं इंग्रजी. ते फळ्यावर लिहू नका. वर्ग संपला की दारापर्यंत जा, आधी ‘मान त्सोऊ’ म्हणा, मग ‘टेक केअर’. पहिल्या दिवशी ते नुसतं ऐकतात. साधारण तिसऱ्या वेळेला, लिफ्टचं दार बंद होता होता, आतून उत्तर येतं, ‘ठेक केअर, टीचर’, तो झोत आणि तो ‘क’ दोन्ही जागच्या जागी.